रेघ कुठून आली

सकाळी साडेपाच

मे महिन्यात नागपुरात कामाच्या वेळा ऊन ठरवतं. साडेपाचला उठून आधी रात्रभर चाललेल्या कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतते आणि गॅलरीत येते. आमचं घर धंतोलीतल्या जुन्या दुमजली घरांपैकी एक. आजूबाजूची अशीच घरं एकेक करून दवाखाने झाली. समोर हाडांचा दवाखाना, शेजारी सोनोग्राफी, कोपऱ्यावर मेंदूचे डॉक्टर. रस्त्याच्या दोन्ही कडांना रात्रीपासून गाड्या लागलेल्या असतात. पाट्या वाचल्या की कोण कुठून आलं ते कळतं. एमएच ३४ चंद्रपूरची, ३३ गडचिरोलीची, २९ यवतमाळची, एमपी २८ छिंदवाड्याची. पायऱ्यांवर चादर अंथरून नातेवाईक झोपलेले, उशाला फाइल. फाइल कुणी चोरत नाही, तरी माणसं ती डोक्याखाली घेऊनच झोपतात.

साडेसहा

कॅलिफोर्नियात या वेळी आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. आमच्या गटातली एक मुलगी तिथे आहे, मूळची सांगलीकडची. तिची घरी जायची घाई, माझी कामाला बसायची.

"ताई, कालच्या जाळ्यात एका रेघेला पेशींचं नाव नाहीये."

"मूळ लेखातच नाही गं. पुरवणीत शोधते आज."

"नाही सापडलं तर?"

"तर रेघ काढायची."

ती हसत नाही, मीही नाही. आमच्यात हे ठरलेलं आहे.

रेघ म्हणजे काय ते सांगते. पेशीतली प्रथिनं एकेकटी काम करत नाहीत. एक दुसऱ्याला जागं करतं, तिसरं त्याला थोपवतं, चौथं कुणाला तरी धरून ठेवतं. कागदावर प्रत्येक प्रथिनाची एक गाठ मांडायची आणि ज्यांचा संबंध प्रयोगात दिसला त्यांच्यात रेघ ओढायची. असं जाळं तयार होतं. जगभरच्या प्रयोगशाळा असे संबंध शोधतात आणि लेखांत छापतात. मी ते लेख वाचते, एकेक संबंध नोंदवते, संगणकाला वाचता येईल अशा रूपात जाळं बांधते आणि ते सर्वांसाठी खुलं करते. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा असंही काही काम असतं हे ठाऊक नव्हतं. आता या कामाला क्युरेशन म्हणतात. घरी विचारलं तर मी सांगते, वाचून नोंदी करते.

सव्वासात

कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लागते. तिथे रोज एक भाऊ भेटतात, गाड्या लावून देण्याचं काम करतात. चाळिशीचे असतील. गेल्या आठवड्यात लक्षात आलं, पोह्यांवर ते तर्री घेत नाहीत. नागपूरचा माणूस आणि तर्री नाही!

"काऊन भाऊ, तर्री सोडली?"

"झोंबते ना ताई. तोंडात आगच लागते. साधेच खाऊन राहिलो."

"किती दिवसांपासून?"

"झाले असतील चार-पाच महिने."

मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि स्वतःचीच बोटं उभी आत घालून बघा म्हटलं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. त्यांची दोनच गेली, दुसरंही अडून. खिशात खर्ऱ्याची पन्नी होतीच. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा विदर्भात कुठल्याही पानठेल्यावर मिळतो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, पण खर्रा घोटून द्यायला कारखाना लागत नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. तंबाखू नसलेली निव्वळ सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. या कडकपणाचं पुढे काही जणांत कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. सगळ्यांत नाही. म्हणूनच वेळेवर दाखवायचं असतं.

"भाऊ, मेडिकलच्या आवारात डेंटल आहे ना सरकारी, तिथे दाखवा."

"एवढं तर सगळ्यांचंच होते ताई."

त्यांचं ते "सगळ्यांचंच" डोक्यात घेऊन मी जिना चढले.

साडेआठ ते एक

हा माझा खरा वेळ. खिडक्या बंद, वाळ्याचा वास, कूलरचा आवाज. सध्या जे जाळं बांधते आहे ते गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेतल्या कॅन्सरचं. अमेरिकेत-युरोपात हा कमी. आपल्याकडे मात्र पुष्कळ, कारण तंबाखू आणि खर्रा आपण नेमका त्याच खाचेत धरून ठेवतो. २०१३ मध्ये याच जागेच्या कॅन्सरवर भारतातल्या गटाने मोठं काम केलं. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलची संशोधनशाखा, आणि बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था. आधी ५० रुग्णांच्या गाठी आणि त्यांचंच निरोगी रक्त शेजारी ठेवून जनुकं वाचली, मग आणखी ६० रुग्णांत पडताळली. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही बाहेरच्या देशांतही सापडलेली जनुकं इथे होती. त्यांच्या जोडीला यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवी निघाली.

यादी मिळाली. पण यादी घेऊन काय करणार? एका रुग्णात पीआयके३सीए बिघडलेलं, दुसऱ्यात एचआरएएस. यादीत बघितलं तर दोघांचे आजार वेगळे. जाळ्यात बघितलं तर दोघांनीही पेशीला "वाढ" म्हणून सांगणारीच वाट मोकळी सोडलेली. धंतोलीत अ‍ॅम्ब्युलन्स अडकते तेव्हा कोणती गल्ली बंद आहे एवढंच सांगून चालकाला काही कळत नाही. ती गल्ली मेहाडिया चौकाला लागते की वर्धा रोडला, हे कळावं लागतं. जाळं ते सांगतं. सॅन दिएगोच्या ट्रे आयडेकर यांच्या गटाने २०१३ मध्येच दाखवलं होतं की रुग्णांची जनुकं जाळ्यावर पसरवून बघितली तर न जुळणारे रुग्णही गटागटांत बसतात.

आज जो लेख उघडला आहे तो २०२१ चा, 'सायन्स'मधला, कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांच्या गटाचा. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी ३१ जनुकं घेतली, त्यांची प्रथिनं कुणाला धरतात ते पाहिलं आणि ७७१ संबंध मांडले. बहुतेक आधी कुणी पाहिलेले नव्हते. मोलाचं काम. पण नोंद करताना माझी पेन्सिल एका ठिकाणी थांबते. पेशी कोणत्या? एससीसी-२५ आणि कॅल-३३. दोन्ही जिभेच्या कॅन्सरमधून वाढवलेल्या. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पेशी अन्ननलिकेच्या. म्हणजे यातली रेघ जिभेतली आहे, गालातली नाही. ती आपल्या खाचेतही असेल, बहुधा असेल. पण "बहुधा" हा शब्द रेघेसोबत गेला पाहिजे. म्हणून प्रत्येक रेघेच्या पोटात मी चार गोष्टी भरते. लेखाचा पबमेड क्रमांक, पेशींचं नाव, प्रयोग कसा केला ते आणि रेघेची दिशा.

प्रयोग कसा केला याला महत्त्व आहे. प्रतिपिंडाने एक प्रथिन पकडून ओढलं आणि त्याच्याबरोबर दुसरं ओढून आलं, तर ती दोघं एकाच घोळक्यात होती एवढंच सिद्ध होतं. यीस्टच्या पेशीत दोघांना समोरासमोर आणून जोडी जमते का पाहिलं, तर थेट भेट दिसते, पण परक्या घरात. दोन्ही रेघा कागदावर सारख्याच दिसतात. पुढे त्यावर हिशेब करणाऱ्याला फरक कळायलाच हवा.

नावांचा घोळ हा वेगळाच ताप. एका जुन्या लेखात नुसतं एमएलएल४ लिहिलं आहे. या नावाने दोन जनुकं ओळखली जात होती. एक १९ व्या गुणसूत्रावरचं, त्याला आता केएमटी२बी म्हणतात. दुसरं १२ व्या गुणसूत्रावरचं, केएमटी२डी. पुरवणीतल्या तक्त्यात जागेचा आकडा सापडला तेव्हा निकाल लागला. पाऊण तास गेला, एका गाठीला. एक्सेलचं तर सगळ्यांना माहीत आहे. मार्च१ नावाचं जनुक रकान्यात टाकलं की त्याची तारीख होते. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

आणि चित्रं! सर्वांत जास्त वेळ चित्रांत जातो. जीवशास्त्राचे लेख अशा जाळ्यांच्या आकृत्या देतात, गोल आणि बाण रंगवून. माणसाला बघायला सुंदर, संगणकाला मात्र ती नुसती रंगीत ठिपक्यांची चादर. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गटाने १९९५ ते २०१९ या काळातल्या अशा ६४ हजारांहून जास्त आकृत्या गोळा करून यंत्राकडून त्यांतली जनुकांची नावं वाचून घेतली. नावं मिळाली. बाण कुणीकडून कुणीकडे जातो ते यंत्राला धड वाचता येत नाही. ते अजून माझ्यासारखीला डोळे बारीक करून बघावं लागतं. पंचवीस वर्षं लोकांनी आपलं ज्ञान चित्रात कोंडून ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक

वरण-भात, कैरीचं पन्हं. आईने हाक मारली तेव्हा उठले, नाहीतर जेवण राहिलंच असतं.

दोन

दुपारी अवघड नोंदी करत नाही, जुन्या तपासते. ही सवय एका चुकीने लावली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पी१६ नावाचं प्रथिन आहे, सीडीकेएन२ए जनुकातून येणारं. पेशीला वाढायला लावणाऱ्या सीडीके४ आणि सीडीके६ यांना ते थोपवतं. आकृतीत अशा रेघेच्या टोकाला बाण नसतो, आडवी काडी असते. बाण म्हणजे "हो पुढे", आडवी काडी म्हणजे "थांब". त्या आकृतीत काडी इतकी बारीक छापलेली की मी घाईत बाण समजले. जाळ्यात ब्रेकचा अ‍ॅक्सिलरेटर झाला. जाळं खुलं झालं, कुणीतरी उतरवून घेतलं. दीड महिन्याने दुसऱ्या देशातल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. त्याचा हिशेब उलटा येत होता, त्याने तीन आठवडे स्वतःच्याच आज्ञावलीत चूक शोधली आणि शेवटी माझ्या रेघेपाशी येऊन पोचला. पत्र अतिशय नम्र होतं. त्यामुळे जास्त लागलं. मी त्याच रात्री दुरुस्ती केली, जाळ्याच्या वर्णनात काय बदललं आणि का ते लिहिलं, आणि त्याचे आभार मानले.

त्या दिवसापासून थांबवणारी प्रत्येक रेघ मी दोनदा वाचते, एकदा चित्रातून आणि एकदा लेखातल्या वाक्यातून. दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जात नाही. पण एक गोष्ट तेव्हाच मनात पक्की झाली. जाळं माझ्याच कपाटात असतं तर ती चूक आजही तिथेच असती. खुलं होतं, एका परक्या मुलाने ते वापरलं, म्हणून पकडली गेली.

सव्वाचार

ऊन अजून डोक्यावर, पण स्कार्फ बांधून निघाले. दोन गल्ल्या पलीकडे एक पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर बसतात, वडिलांचे मित्र, मी त्यांना काकाच म्हणते. महिन्यातून एकदा शंका घेऊन जाते. आज मी काही विचारायच्या आत त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची रिकामी केली. काचेवरच्या नंबरावर आधी चिकटपट्टी लावली.

"बघ. गालाची गाठ आहे. पी१६ लावलंय."

डोळा लावला. डावीकडे तपासणीचा नमुना, रंग नीट चढला का ते कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेला. तो दाट तपकिरी, ओल्या चहापत्तीसारखा. उजवीकडे रुग्णाची गाठ. तिथे तपकिरी काहीच नाही. नुसती निळसर केंद्रकं, एकमेकांवर दाटीने चढलेली, लहान-मोठी, कशीही. त्यांच्या मधून गोल भोवऱ्यासारखे फिकट पुंजके. ज्या प्रथिनाची आडवी काडी मी एकदा उलटी ओढली होती, ते इथे दिसतच नव्हतं. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

"म्हणजे काका, इथे सीडीकेएन२ए गेलेलं आहे."

"असं नाही म्हणायचं." ते शांतपणे म्हणाले. "रंग चढला नाही, एवढंच म्हणायचं. जनुक गेलं, की बंद पडलं, ते ही काच सांगत नाही. घशातल्या काही कॅन्सरमध्ये विषाणूमुळे हाच रंग भरभरून येतो, तिथे आम्हाला तो उपयोगी पडतो. गालात बहुतेक वेळा असा कोराच."

परत येताना त्यांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. रंग चढला नाही, एवढंच म्हणायचं. मी रोज जे करते ते याहून वेगळं काय आहे? दिसलं तेवढंच लिहायचं, कुठे दिसलं ते लिहायचं.

साडेपाच ते साडेसात

चहा घेऊन पुन्हा बसले. आजचं जाळं आज खुलं करायचं आहे.

आम्ही एनडेक्सवर जाळी ठेवतो. सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या आयडेकर यांच्याच गटाने उभं केलेलं हे भांडार, २०१५ पासून त्याच्याबद्दल लेख आहेत. जाळी रेखाटायचा सायटोस्केप हा प्रोग्रामही त्याच मंडळींच्या हातचा, २००३ चा. सायटोस्केपमधून जाळं थेट एनडेक्सवर जातं, गाठी, रेघा आणि रेघेच्या पोटातल्या नोंदींसकट. तिथे प्रत्येक जाळ्याला छत्तीस अक्षरांचा स्वतःचा क्रमांक मिळतो. लेख लिहिणारा आपल्या लेखात तो क्रमांक देऊ शकतो, आणि वाचणारा चित्र बघत बसण्याऐवजी खरं जाळंच उतरवून घेतो. आधी खासगी ठेवता येतं, गटात वाटता येतं, तयार झालं की सगळ्यांना.

हे भांडार मला का जवळचं वाटतं ते सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 'नेचर'च्या प्रकाशकांबरोबर २००६ मध्ये जाळ्यांचं एक संकलन सुरू केलं होतं, तज्ज्ञांनी हाताने वाचून केलेलं. २०१२ मध्ये त्यात नव्या नोंदी थांबल्या, पुढे त्याची जागाही बंद झाली. कितीतरी माणसांची वर्षं त्यात गेली होती. ती जाळी एनडेक्सने आपल्याकडे घेतली, म्हणून आज ती उघडता येतात. आपल्याकडचंही असंच एक मोठं काम आहे. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स आणि डॉ. अखिलेश पांडे यांनी मानवी प्रथिनांचा एचपीआरडी हा संग्रह केला. २००३ मध्ये तो जगापुढे आला. भारतातल्या तरुण मुलामुलींनी लेख वाचून-वाचून ४१ हजारांहून अधिक संबंध नोंदवले. त्याची नववी आवृत्ती २०१० ची. मी शिकत असताना तोच वापरला. त्याच्या नोंदीच्या एकेका ओळीमागे कुणीतरी माझ्यासारखं बसलेलं होतं, हे तेव्हा सुचलं नव्हतं. नोंद करणं हे अर्धंच काम. ती टिकवायला, नावं बदलली की बदलायला, चुका दुरुस्त करायला पैसा आणि माणसं लागतात, आणि त्यासाठी कुणी सहज पैसे देत नाही. ही माझी कायमची तक्रार आहे.

खुलं करण्याआधी एक प्रश्न मी स्वतःला दरवेळी विचारते. यात कुणा रुग्णाचं काही आहे का? माणसाचा पुरा जनुकक्रम उघड्यावर ठेवता येत नाही, तो त्याची ओळख सांगतो. तसला कच्चा डेटा बंद दारामागे राहतो, परवानगी घेऊन मिळतो. आता त्यासाठी फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरही आहे, २०२२ पासून. जाळ्यात मात्र प्रथिनांचे आपसांतले संबंध असतात, माणसांचे नसतात. म्हणून ते निर्धास्त वाटता येतं. माझं उत्तर आज "नाही" आलं. मग वर्णन लिहायला घेतलं. कशातून घेतलं, काय गाळलं, कोणत्या रेघा जिभेच्या पेशींतल्या आणि गालासाठी त्या अजून पडताळायच्या. परवाना असा दिला की मूळ कामाचं नाव घेऊन कुणीही वापरावं.

सकाळची ती एक रेघ उरली होती. पुरवणीत शोधलं, तक्त्यांच्या तळटिपा वाचल्या. पेशींचं नाव कुठेच नाही. रेघ खूप उपयोगाची होती, दोन घोळक्यांना तीच जोडत होती. ती असती तर जाळं एकसंध दिसलं असतं. मी लेखाच्या लेखकांना पेशींबद्दल विचारणारं पत्र लिहिलं आणि रेघ काढली. जाळ्याचे दोन तुकडे झाले. तसेच ठेवले. मग "सार्वजनिक" हा पर्याय निवडला.

रात्री साडेनऊ

दवाखान्यांच्या पाट्यांचे दिवे लागलेत. रस्त्यावर रुग्णांचे नातेवाईक भाजीपोळीची पाकिटं घेऊन परतताहेत. जेवण झाल्यावर खाली उतरले तर भाऊ शेवटच्या गाड्या काढून देत होते.

"ताई, ते तीन बोटांचं घरी पोराला बी करायला लावलं."

"मग?"

"त्याचे तीन जातात. बरोबर जातात." थोडं थांबून म्हणाले, "माझे नाही जात, हे त्यानंच पाह्यलं."

"भाऊ, उद्या मी येते तुमच्यासोबत. साडेआठला चिठ्ठी काढायची रांग लागते."

"पोहे खाऊन जाऊ?"

"खाऊन जाऊ."

वर येऊन सांगलीच्या मुलीला निरोप टाकला. उद्याचं बोलणं एक तास आधी, साडेपाचला. जाळ्याचा छत्तीस अक्षरी क्रमांक खाली चिकटवला आणि लिहिलं, एक रेघ काढली आहे, उत्तर आलं तर परत घालू.